आमच्या वतीनं होल्डवर थांबणारी

मी भूलतज्ज्ञ आहे. नाशिकमधल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत माझ्या केसेस असतात आणि केस चालू असताना माझा फोन बाहेर कपाटात असतो. गॅसवाला, कुरिअरवाला, शाळेचं ऑफिस, विमा कंपनी, सोसायटीचा सेक्रेटरी या सगळ्यांना मला फोन करायला नेमकी तीच वेळ सापडते. दुपारी फोन हातात येतो तेव्हा मिस्ड कॉलची रांग लागलेली. त्यातले निम्मे अनोळखी नंबर, आणि परत लावावा तर तिकडचा माणूस जेवायला गेलेला. नवरा अंबडच्या एमआयडीसीत प्लँटवर असतो. मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही असं तो म्हणतो आणि संसार टिकावा म्हणून मी ते मान्य करते. घरात सासूबाई आणि मुलगा. चिपळूणला माझे आई-बाबा, दोघंही ऐंशी ओलांडलेले.

गेल्या मार्चपासून मी घरच्या कामांसाठी व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली आहे. व्हर्च्युअल म्हटलं की लोकांना टेबलावरचा बोलणारा डबा आठवतो. तो नव्हे. ही चांगली हाडामांसाची बाई आहे, अकोल्यात स्वतःच्या घरी बसून फोन, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आमची कामं करते. एका कंपनीमार्फत ती मिळाली. महिन्याला ३० तास, ९,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२० रुपये. हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींनी इतके प्रश्न विचारले की शेवटी एकदाचं लिहूनच टाकते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. त्याच कंपनीनं आधी मला दुसरी असिस्टंट दिली होती. ती हुशार होती, टाइपिंग सुसाट, दर संध्याकाळी रंगीत तक्त्यात दिवसाचा अहवाल पाठवायची. पण ती प्लंबरला ईमेल लिहायची. नाशिकच्या प्लंबरला, इंग्रजीत! सासूबाईंना तिनं हिंदीत फोन करून ‘मॅम, आपका फीडबॅक’ वगैरे विचारलं, तेव्हा त्यांनी बँकेचा फ्रॉड समजून फोन आपटला आणि तासभर मला शोधत राहिल्या. मी कंपनीला सांगितलं की मराठी बोलणारी, घर चालवलेली बाई द्या. त्यांनी दिली. कंपनी तीच, दर तोच, करारही तोच, आणि अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून कंपनीला किती तारे द्यायचे हे मला कळत नाही. हिला मात्र साडेचार देते. अर्धा का कापला तेही पुढे येईल.

पहिला महिना जवळजवळ सगळा ‘घराची वही’ करण्यात गेला. वही म्हणजे आम्हा दोघींना दिसणारी एक शीट. महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर, गाड्यांच्या विम्याच्या आणि पीयूसीच्या तारखा, सगळ्यांचे रक्तगट, कोणाला कुठलं औषध चालत नाही, पाण्याच्या टाकीवाल्याचा नंबर, हे तर आलंच. पण तिनं फोनवर मला जे प्रश्न विचारले त्यातून वहीत खरा जीव आला. ‘मॅडम, सासूबाई झोपतात कधी?’ दुपारी १ ते ४ त्यांना फोन नाही. ‘घरी कोणी नसलं तर सिलिंडर कोण घेतं?’ खालचा इस्त्रीवाला. ‘सरांना व्हॉट्सअ‍ॅप केलं तर पाहतात की फोनच लागतो?’ पाहतात, उत्तर देत नाहीत, निळ्या खुणा आल्या की काम होणार असं समजायचं. ही माहिती आजवर फक्त माझ्या डोक्यात होती. शीटवर उतरलेली पाहिली तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग थोडा राग आला. या घरात राहणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ती का माहीत नव्हती?

या कामाचे तास कंपनी पूर्ण लावते. माझी पहिली तक्रार हीच. गिऱ्हाईक ओळखून घेण्याचे तास गिऱ्हाइकाच्याच माथी का? शिवाय हिशोब १५ मिनिटांच्या पटीत. दोन मिनिटांचा फोनही १५ मिनिटं खातो. मी आता बारीकसारीक कामं साठवून एकदम देते, पण हे शहाणपण पैसे मोजून आलेलं आहे. नव्यानं घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून तसंच करावं.

आता तिचं मुख्य काम. मला आधी वाटलं होतं की ती ऑनलाइन अर्ज भरेल, बिलं भरेल, तिकिटं काढेल. त्यातलं बरंच ती करत नाही, किंबहुना मी करू देत नाही. ती करते तो पाठपुरावा. मे महिन्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कॅशलेस. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलनं अंतिम बिल विमा कंपनीकडे पाठवलं आणि तिथून दर तासाला एकच उत्तर येऊ लागलं, ‘प्रोसेसमध्ये आहे’. मी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये केसवर. नवरा बिलिंगच्या खिडकीसमोर उभा. अकोल्याहून ही होल्डवर. त्यांची ती बासरीची धून मला नंतर तिनं गुणगुणून दाखवली. विमा नियामक आयआरडीएआयनं मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय: कॅशलेसची सुरुवातीची परवानगी १ तासात द्यायची, डिस्चार्जची अंतिम परवानगी ३ तासांत, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीनं सोसायचे. हे मला डॉक्टर असून नेमकं माहीत नव्हतं. तिनं ते शोधलं, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर वेळांसकट ईमेल टाकला आणि त्याच ईमेलचा संदर्भ देत पुन्हा फोन लावला. परवानगी दिवस मावळायच्या आत आली. अर्ज कोणीही भरतं. तासन्‌तास न चिडता, आवाज न चढवता, प्रत्येक फोनला समोरच्याचं नाव लिहून घेत मागे लागून राहणं हे माझ्याच्यानं झालं नसतं. तिसऱ्या फोनला मी ‘तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे’ या वाक्यावर आले असते आणि काम तिथंच बसलं असतं.

अशा कामांची यादी मोठी आहे आणि त्यात काही रोमांचक नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट लावायच्या होत्या. मुदत पुढे ढकलली जात होती म्हणून सगळं शहर निवांत होतं. हिनं वहीत तारीख पाहून स्कूटर आणि कार दोन्हींची वेळ आधीच घेतली. कर सवलतीची तारीख, मुलाच्या पासपोर्टची मुदत (अल्पवयीनांचा ५ वर्षांत संपतो, हे दर वेळी विसरायला होतं), फ्रिजची वॉरंटी. असो.

भारतात या धंद्याची खरी भिंत म्हणजे ओटीपी. परदेशातल्या लोकांची घरगुती कामं इथून करून देण्याचा व्यवसाय वीसेक वर्षं जुना आहे, त्यांना हा अडसर फारसा आला नसावा. आपलं आयुष्य मात्र मोबाइल नंबरला साखळीनं बांधलेलं. गॅसच्या डिलिव्हरीला कोड, सरकारी पोर्टलला कोड, रक्ततपासणीचा रिपोर्ट उघडायलाही कोड. आणि कोड येतो माझ्या फोनवर, जो कपाटात आहे. तिच्याकडे सगळी माहिती तयार, आणि शेवटच्या एका खिडकीशी दोघी अडकलेल्या.

यावर आम्ही एक पद्धत बसवली. संध्याकाळी साडेसातला मी किंवा नवरा फोन घेऊन बसतो, ती दिवसभरात शेवटच्या पायरीपर्यंत आणून ठेवलेली कामं ओळीनं उघडते आणि आम्ही कोड सांगतो. घरात याला ‘ओटीपीची आरती’ म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं, कारण ती नेमकी त्यांच्या दिवेलागणीनंतर होते. नियम पक्का आहे: बँकेचा, यूपीआयचा, आधारचा कोड या आरतीत येत नाही. तो कोणालाच सांगायचा नाही, तिलाही नाही, आणि ती विचारतही नाही. पैसे आम्हीच भरतो. ती बिलाची रक्कम, ग्राहक क्रमांक आणि शेवटची तारीख एका ओळीत पाठवते, मी फोनवरून भरते, पावती तिला टाकते, ती वहीत खूण करते.

ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं, तेव्हापासून स्वतःचा पिन न देता दुसऱ्याला आपल्या खात्यातून खर्च करू देता येतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. नाहीतर प्रत्येक खर्चाला आपली मंजुरी. कंपनीच्या माणसानं मला ते सुचवलं. मी सासूबाईंना त्यात घेतलं, असिस्टंटला नाही. तिच्यावर अविश्वास नाही, पण माझ्या खात्याची दोरी कराराच्या पलीकडच्या माणसाच्या हातात नको. तिला आधारही दिलंय ते शेवटचे चार आकडेच दिसणारं. पासवर्ड एकही नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मी कंपनीला लेखी विचारलं की सेवा बंद केली तर आमची वही तुमच्याकडून पुसली जाईल का. उत्तर आलं, पण ते वाचून माझं समाधान झालं नाही. ‘धोरणानुसार’ हा शब्द त्यात फार वेळा होता. कापलेल्या अर्ध्या ताऱ्यातला मोठा तुकडा इथला.

रेल्वेचंही तसंच. गणपतीला चिपळूणला जायचं म्हणजे ठाण्याला उतरून कोकणची गाडी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात जागं राहायचं. त्या वेळी मी रुग्णाच्या उशाशी. लॉगिन तिला द्यायचं नाही हे ठरलेलं, आणि जुलैपासून तत्काळलाही आधारशी जोडलेलं खातं आणि कोड लागू लागला, त्यामुळे तोही मार्ग बंद. तिनं मग काय केलं? प्रवाशांची यादी नवऱ्याकडून आधीच खात्यात भरून घेतली, पहिली पसंती-दुसरी पसंती गाडीच्या नंबरासकट लिहून दिली आणि पावणेआठला त्याला फोन करून लॅपटॉपसमोर बसवलं. कोकणची गणपतीची तिकिटं म्हणजे डोळ्याचं पातं लवतंय तोवर वेटिंग. आमचंही वेटिंगच आलं. पण ती नंतर रोज मध्य रेल्वेच्या सूचना पाहत राहिली, गणपती स्पेशल जाहीर झाल्या तेव्हा आरक्षण कधी उघडणार हे आम्हाला शेजाऱ्यांच्या आधी कळलं, आणि परतीचं तरी पक्कं झालं. जाताना गाडीनंच गेलो, महामार्गाचे खड्डे मोजत.

आता चिपळूण. हे लिहायचं म्हणून खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना केंद्राच्या पेन्शनसाठी १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, बोटांचे ठसे देऊन घरबसल्या दाखला. पण बाबांचे ठसे आता यंत्राला सापडतच नाहीत, झिजलेत. २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवून होतं. ते त्यांना करून द्यायचं होतं, लांबून. बाबांचा फोन बटणांचा, आईचा स्मार्ट. हिनं युक्ती केली ती अशी: बाबांच्या बटणांच्या फोनवर ती स्पीकरवर, आणि आईच्या फोनवर अ‍ॅप. म्हणजे सूचना ऐकताना स्क्रीन अडत नाही. मी त्या वेळी फोनवर तिसरी, गप्प.

‘काका, आता कॅमेऱ्याकडे पाहा. डोळे मिटा अन् उघडा.’

‘अहो, डोळे मिटून दाखवले तर हयात कसा ठरेन मी?’

‘उघडायचे बी आहेत ना काका!’

मग आईचा आवाज, ‘अहो, सरळ बसा जरा, कपाळच दिसतंय नुसतं.’ कितव्यांदा तरी जमलं. दाखला झाला. मी फोन ठेवला, पण ते तिघं बोलतच राहिले. बाबांनी तिला विचारलं की तुमचं मूळ गाव कोणतं, वडील काय करतात, तिकडे यंदा कापसाला काय भाव. हे बाबा चहावाल्यालाही विचारतात.

महिन्याच्या शेवटी तासांचा तक्ता येतो. त्यात एक ओळ होती: ‘चिपळूण, काकांशी बोलणे, ४५ मिनिटं.’ म्हणजे २२५ रुपये. मी जरा वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, ते मीटरच्या बाहेर धरा. मीच बोलून राहिले होते.’ मी म्हटलं, असू दे, लावा. नवरा म्हणाला, बापाशी बोलायला माणूस लावलाय आपण? ते वाक्य झोंबलं, पण पूर्ण खरं नव्हतं. मी बाबांना रोज रात्री फोन करते. त्यात मी विचारते, बीपीची गोळी घेतली का, आणि ते म्हणतात, घेतली. डॉक्टर मुलीशी बाबा पेशंटसारखे बोलतात, म्हणजे कमीत कमी. हिच्याशी ते गप्पा मारतात.

आणि त्या गप्पांतून एक गोष्ट माझ्यापर्यंत आली. नोव्हेंबरातल्या तिच्या नोंदीत खाली एक ओळ: ‘काका दोनदा म्हणाले की रात्री तीन-चारदा उठावं लागतं, झोप होत नाही. तुम्हाला माहीत असेलच.’ मला माहीत नव्हतं. प्रोस्टेट वाढलेलं निघालं, साधं, औषधावर आटोक्यात आहे. बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? ‘तू लगेच सोनोग्राफी काढायला लावली असतीस.’ लावलीच.

तेव्हापासून चिपळूणला आठवड्यातून एक फोन हा वहीत रीतसर लिहिलेला आहे. शीर्षक ‘काका-काकू, चौकशी’. वेळ मोजायची नाही असं मी सांगितलंय. कंपनीला मोजावी लागते, ती मोजते.

घरातल्या बाकीच्यांनी तिचा काय उपयोग करून घेतला, ते आणखी वेगळं. नवरा सुरुवातीला पक्का विरोधात. ‘आपली कामं आपल्याला होत नाहीत म्हणून दहा हजार?’ मी म्हटलं, आपली नव्हे, तुझी होत नाहीत, माझी होतातच. मग त्याच्या वाटची कामं वहीत त्याच्या नावापुढे गेली. आता ती त्याला सकाळी एक संदेश टाकते: ‘सर, आज सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक, आणि कारची सर्व्हिसिंग ५ वाजता.’ आणि तो करतो! त्याच शब्दांत मी सांगितलं की कटकट, तिनं सांगितलं की रिमाइंडर. यावर आमचं एकदा चांगलंच वाजलं. वाजून झाल्यावरही तो तिच्याच संदेशावर चालतो, आणि मी आता त्यावर बोलणं सोडलंय. चेक जातो ना वेळेवर.

मुलगा तिला ताई म्हणतो. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं झाले, १०० रुपये शुल्क आणि १० पर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम. तिनं नाशिकच्या कॉलेजांचा तक्ता केला: आदल्या वर्षी प्रवेश कुठल्या गुणांना थांबला, घरापासून किती लांब, सिटीबस कुठली. उत्तम काम. सगळी कॉलेजं सायन्सची, कारण मी तसंच सांगितलं होतं. दोन दिवसांनी माझ्या कॅलेंडरवर एक नोंद उगवली. रविवार, सकाळी ११, अर्धा तास, ‘आईशी बोलणे: कॉमर्स’. पोरानं ताईला सांगून माझी वेळ घेतली होती! आईची, अपॉइंटमेंट.

मी तिला फोन केला, जरा तडकूनच. ती म्हणाली, ‘त्यानं विचारलं की आई कधी मोकळी असते, मी कॅलेंडर पाहून सांगितलं. विषय लिहायचा का हेही त्यालाच विचारलं. तो म्हणाला लिहा, म्हणजे आई आधीच रागावून घेईल.’ पोरगं हुशार आहे. रविवारपर्यंत मी खरंच रागावून झाले होते. बोललो. दुसरा तक्ता झाला, कॉमर्सचा. पसंतीक्रम लावायला आम्हाला तीन संध्याकाळी भांडावं लागलं आणि त्यात ती कुठंच नव्हती, तिनं यायलाही नको होतं. पण त्या रविवारचं मी अजून ठरवू शकलेले नाही: मुलाला माझ्यापर्यंत यायला अकोल्यावरून वळसा घ्यावा लागला याचं वाईट वाटून घ्यायचं, की निदान वाट होती याचं बरं.

जमत नाही ते कुठे? जिथं कोणीतरी देहानं हजर लागतं तिथं ती शून्य. प्लंबरची वेळ ती घेईल, दार कोण उघडणार? प्लंबर आला नाही तर ती दुसऱ्याला फोन करेल, पण टपकणाऱ्या नळाखाली बादली आम्हीच ठेवायची. सहकारी बँकेनं ‘शाखेत येऊन सही करा’ म्हटलं की खेळ खलास. आणि घरात काम करणाऱ्या मावशी. एकदा मी सुट्टीच्या तारखांचं बोलणं तिच्यावर सोपवून पाहिलं. मावशींनी फोन घेतला, ऐकला आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, ‘ताई, मला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी काय ऑफिस आहे का?’ बरोबर आहे त्यांचं. ते काम परत माझ्याकडे.

कंपनी आणखी एक सेवा देते: नातेवाइकांचे वाढदिवस, शुभेच्छा, भेटी, सगळं असिस्टंट सांभाळते. मी ती घेतली नाही. वहीत तारखा आहेत, ती आदल्या दिवशी आठवण करते, फोन मीच करते. माझी एक मैत्रीण ती सेवा घेते आणि खूश आहे. तिच्या नणंदेला अजून कळलेलं नाही, एवढंच.

बदली असिस्टंट हा कंपनीचा कच्चा दुवा. ही दिवाळीत सुट्टीवर गेली, तिला जायलाच हवं होतं, तेव्हा दुसरी आली. तिनं वही वाचली नव्हती. दुपारी अडीचला सासूबाईंना फोन.

‘मग यंत्रच का नाही वापरत?’ असं मुलगा विचारतो. वापरतो की. गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो, जेमिनीचं अ‍ॅप भारतात जून २०२४ मध्ये आलं तेव्हापासून मराठीत आहे. मी कुकरच्या शिट्ट्यांनंतरचा टायमर आणि रस्त्यात असताना यादी लिहून घेणं त्याच्याकडून करते. सासूबाई त्याला एकादशी कधी ते विचारतात आणि नंतर दिनदर्शिकेत पाहून खात्री करतात. अर्जाचा मसुदा तर तो झकास लिहितो, आमची अकोल्याची बाईसुद्धा त्याच्याकडूनच लिहून घेते आणि मग त्यातली जड वाक्यं काढते. पण तो माझ्या वतीनं विमा कंपनीच्या बासरीवर तासभर थांबत नाही, आणि काका दोनदा काय म्हणाले याची न मागता नोंद करत नाही. उद्या करेलही. तेव्हा पाहू.

घ्यायची असेल तर माझा सल्ला असा. करार करण्याआधी असिस्टंटशी तुम्ही बोलून काही कळत नाही, ती तुमच्याशी छानच बोलणार. घरातल्या सगळ्यात तऱ्हेवाईक माणसाशी तिला दहा मिनिटं फोनवर बोलू द्या आणि मग त्या माणसाला विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सूट देतात, पण माणूस बदलला तर अडकाल. नोकरी ठरावीक वेळेची असेल, फोन जवळ असेल आणि आई-वडील त्याच गावात असतील, तर १०,६२० रुपये फुकट घालवू नका, त्यात एखाद्या हरहुन्नरी माणसाला हाताशी धरा जो बँकेतही जाईल आणि दारही उघडेल.

जानेवारीपासून मी ३० ऐवजी २० तासांचा प्लॅन घेतलाय. वही तयार आहे, पाठपुरावे कमी झालेत. तिला थेट कामावर ठेवण्याचा मोह होतो, पण करारात कलम आहे, सेवा सोडल्यावर वर्षभर तसं करता येत नाही. मी भरते त्यातले तिच्या हातात किती पडतात हे मी तिला विचारलं. तिनं विषय बदलला, आणि ‘मॅडम, कारचा पीयूसी १८ तारखेला संपून राहिला’ असं सांगितलं.